मुरूम: बारा आठवड्यांचा उपचार आणि तो तडीस नेणारी शुश्रूषा

मुरमांवर औषध लिहून द्यायला डॉक्टरांना पाच-दहा मिनिटं पुरतात. ते औषध घरी नीट लावणं, दुसऱ्या आठवड्यात चेहरा लाल होऊन सोलायला लागला तरी न सोडणं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत धीर धरणं, हे खरं काम. उपचार फसतात ते बहुतेक वेळा इथेच. मी गोव्यात परिचारिका आहे. त्वचेच्या ओपीडीत चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आलेली मुलं आणि त्यांच्या आया माझ्यापाशी थांबतात आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. त्यांना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. घरच्यांना उपयोगी पडेल आणि आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही.

आधी हे समजून घ्या

चेहरा, छाती, पाठ आणि खांदे इथल्या केसांच्या मुळाशी तेलग्रंथी मोठ्या असतात. वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येही, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्राच्या तोंडाला बूच बसतं. कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचा जंतू वाढतो, शरीर त्याला प्रतिकार करतं आणि सूज येते. हा जंतू सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. कोणाकडून लागत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा हात लागल्याने मुरूम पसरत नाहीत.

काळ्या टोकाच्या पुळीतला काळेपणा मळाचा नसतो. उघड्या तोंडाशी साठलेल्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध आला की ते काळं दिसतं. म्हणून चेहरा घासून घासून तो काळेपणा जात नाही, उलट त्वचा सोलवटते. ‘तोंड नीट धुत नाहीस म्हणून येतात’ हे वाक्य आधी घरातून बंद करा. त्या मुलीने दिवसातून पाच वेळा साबण लावून चेहरा कोरडाठक्क केलेला असतो आणि वर हे ऐकायचं.

आज वर दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात आत काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. बूच बसल्यापासून पुळी दिसेपर्यंत दोन महिनेही जाऊ शकतात. यातून दोन गोष्टी निघतात. औषध फक्त पुळीवर टिकलीसारखं लावून भागत नाही, मुरूम येतात तो पूर्ण भाग धरावा लागतो. आणि दहा दिवसांत फरक पडला नाही म्हणून औषध बदलू नये.

पहिली पायरी: हे मुरूमच आहेत ना?

आपल्या हवेत हा प्रश्न फार महत्त्वाचा. मुरमांत वेगवेगळ्या वयाच्या पुळ्या एकत्र दिसतात: काळी टोकं, कातडीखालचे पांढरे दाणे, लाल पुळ्या, पू भरलेल्या पुळ्या. काळी किंवा पांढरी टोकं एकही दिसत नसतील, तर थांबून पुन्हा बघा.

पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात कपाळ, छाती, पाठ आणि दंडांवर एकसारख्या, बारीक आणि खाजणाऱ्या पुळ्या उठतात. ही बऱ्याचदा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीची करामत असते. तिला दमट हवा, घाम आणि तेल मानवतं. मुरमांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ती वाढते आणि किटोकोनॅझोलसारख्या बुरशीविरोधी औषधाने उतरते. ‘खाज येते का?’ हा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळदा चुकीचा उपचार टळतो. मुरूम दुखतात, पण त्यांना एवढी खाज सहसा नसते. घामोळं वेगळं; ते कपड्यांखाली येतं आणि थंडाव्याने एक-दोन दिवसांत बसतं.

मग तीव्रता ठरवा. नुसती काळी-पांढरी टोकं आणि थोड्या लाल पुळ्या असतील तर सौम्य. लाल आणि पुवाच्या पुळ्या बऱ्याच असतील, छाती-पाठीवरही असतील तर मध्यम. कातडीखाली दुखऱ्या गाठी, गळवं किंवा खड्डे पडायला लागले असतील तर तीव्र, आणि मग घरी प्रयोग करत एक दिवसही घालवू नका. खड्डा पडल्यावर तो भरून काढणं कठीण असतं, पडू न देणं सोपं.

दुसरी पायरी: जे लावता आहात ते समोर ठेवा

मी प्रत्येकाला सांगते, पुढच्या वेळी येताना घरात चेहऱ्याला लावायचं जे जे आहे ते पिशवीत घालून आणा. पिशवीतून बेसन निघतं, मुलतानी माती निघते, आणि तळाशी, खालून गुंडाळत आणलेली एक चपटी ट्यूब निघते. मैत्रिणीने दिलेली, नाहीतर फार्मसीत ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटल्यावर मिळालेली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी एक जरी नाव असलं तरी ते स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइड लावल्यावर पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुळ्या बसतात आणि सगळे खूश होतात. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, उन्हात आग होते आणि एकसारखे लाल मुरूम सगळीकडे फुटतात. ट्यूब बंद केली की भडका उडतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती घराघरांत पोहोचतात. अशी ट्यूब काही महिने लावली असेल तर एकदम फेकून देऊन घरी भडका सोसत बसू नका, ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी बंद करायची आणि मधला काळ कसा काढायचा, ते तेच सांगतील.

लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यावरून कायमची हद्दपार करा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. हळदीचा लेप मुरूम बरे करत नाही, पण कोणाला सोसत असेल तर मी त्यावर वाद घालत नाही.

खोबरेल तेलाबद्दल मात्र स्पष्ट बोलते. आपल्याकडे केसांना खोबरेल थापून घट्ट वेणी घालायची सवय आहे. ते तेल घामाबरोबर कपाळावर आणि मानेवर उतरतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक दाण्यांची रांग उठते. तेल बंद करायला सांगितलं तर आजी रागावतात, म्हणून मधला मार्ग सांगते: आठवड्यातून एकदा, न्हाण्याआधी तासभर, केसांच्या टोकांना लावा आणि धुऊन टाका. तेल लावून रात्री झोपू नका.

तिसरी पायरी: रोजची निगा

सकाळी आणि रात्री, दोनदाच चेहरा धुवायचा. घामाघूम होऊन घरी आलात तर तिसऱ्यांदा. सौम्य फेसवॉश घ्यायचा, बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवायचा, साध्या पाण्याने धुवायचा आणि पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. स्क्रब नको.

‘चेहरा तेलकट आहे, मग मॉइश्चरायझर कशाला?’ कारण मुरमांची औषधं कातडी कोरडी करतात आणि कोरडेपणाला कंटाळूनच लोक औषध सोडतात. डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं हलकं जेल घ्या. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, तेही जेलसारखं. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम गेल्यावर काळा डाग राहतो आणि ऊन तो गडद करतं. पणजीपर्यंत दुचाकीने जाणाऱ्या मुलीने हेल्मेट घातलं तरी गाल उघडेच असतात. शिवाय औषधांमुळे ऊन जास्त बाधतं.

हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी आणि आतलं अस्तर घामाने भिजतं; अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धुवा. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी ओली जर्सी अंगावर वाळवू नये, लगेच अंघोळ करावी. शॅकच्या किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात तळणापाशी उभे राहणारे तरुण येतात, तेव्हा त्यांना कामाची पाळी संपल्यावर चेहरा आणि मान धुवायला सांगते, कारण तेलाची वाफ छिद्रं बुजवते.

खाण्याबद्दल थोडक्यात. माशांच्या हुमणामुळे मुरूम येत नाहीत. आंबा खाल्ल्याने येतात यालाही चांगला पुरावा नाही. ज्या महिन्यांत आंबे-फणस येतात त्याच महिन्यांत घाम सर्वांत जास्त येतो, हे लक्षात घ्या. साखर आणि मैदा भरपूर असलेलं खाणं आणि काहींच्या बाबतीत दूध, विशेषतः व्यायामशाळेतली व्हे प्रोटीन पावडर, यांचा मुरमांशी संबंध दिसतो. एखाद्या मुलाच्या पाठीवर अचानक मुरूम फुटले तर मी आधी पावडरीबद्दल विचारते.

चौथी पायरी: बारा आठवडे

सौम्य मुरमांसाठी डॉक्टर बहुधा दोन गोष्टी देतात. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, ते जंतू मारतं. रात्री अॅडॅपलीन ०.१ टक्के जेल. ते छिद्राचं बूच सोडवतं. मध्यम मुरमांत यात क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल किंवा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात. क्लिंडामायसिन एकटं लावायचं नसतं, जंतू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवंच.

रात्रीचं जेल लावायची पद्धत मी हातात धरून दाखवते. चेहरा धुऊन वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. तर्जनीच्या टोकावर वाटाण्याच्या दाण्याएवढं जेल घ्यायचं, एवढंच संपूर्ण चेहऱ्याला पुरतं. कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी इथे पाच ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. मग मॉइश्चरायझर. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर असं केलं तरी चालतं.

पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र लावा. थोडा कोरडेपणा, चुरचुर आणि लाली हे ठरलेलंच आहे. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काहींचे मुरूम वाढल्यासारखे दिसतात. याच सुमारास आया येऊन म्हणतात, ‘सिस्टर, औषध बाधलं हिला.’ बाधलेलं नसतं. आत दडलेल्या पुळ्या लवकर वर येत असतात. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवली तर निम्मी लढाई जिंकता येते, नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते. कातडी फारच सोलली तर दोन-तीन रात्री जेल बंद, मॉइश्चरायझर सुरू, आणि पुन्हा एक दिवसाआड. सूज, फोड किंवा डोळ्यांभोवती फुगवटा आला तर मात्र औषध बंद करून डॉक्टरांना दाखवा.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात नव्या पुळ्या कमी होऊ लागतात. बाराव्या आठवड्यात निर्णय: पुरेसा फरक आहे की उपचार वाढवायचा. त्याआधी बदल नको. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोनवर फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापड विटतं. उशीला पांढरा अभ्रा घाला, पंचा पांढरा ठेवा. आणि ती ट्यूब दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, तिथे ती उन्हाने तापते. घरात थंड जागी असू द्या.

पाचवी पायरी: गोळ्या सुरू झाल्या तर

डॉक्सिसायक्लिनची गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. दूध, लोहाच्या गोळ्या किंवा पित्ताची औषधं यांच्याबरोबर घेऊ नका. ऊन जपा. साधारण तीन-चार महिन्यांपुढे ती चालवत नाहीत. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

आयसोट्रेटिनोइन हे तीव्र मुरमांसाठीचं फार प्रभावी औषध आहे आणि ते हाताळताना परिचारिकेची सर्वांत जास्त जबाबदारी असते. गरोदर बाईने घेतलं तर बाळात गंभीर व्यंगं येतात. म्हणून सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी आणि सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून ते बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधन. हे बोलणं आईसमोर होत नाही. मुलीला पाच मिनिटं एकटीला बसवून, आवाज खाली ठेवून, विचारण्याची आणि सांगण्याची जबाबदारी आपली आहे. लग्न ठरलेली मुलगी असेल तर तारीख विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आयसोट्रेटिनोइनची गोळी तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यायची, तरच ती नीट शोषली जाते. यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यायची. ओठ फुटणार हे गृहीत धरा आणि लिप बाम खिशात ठेवा. नाक कोरडं पडून रक्त येऊ शकतं, नाकपुडीच्या आत थोडं व्हॅसलिन लावा. उपचार चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान नाही. वॅक्सिंग करू नका, कातडी सोलून निघते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नका, आणि डॉक्सिसायक्लिन सोबत घ्यायची नसते. डोकं असह्य दुखलं, दृष्टी धूसर झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवा. काहींना रात्री कमी दिसतं. रात्री होडी घेऊन मासेमारीला जाणाऱ्यांना आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांना हे आठवणीने सांगा.

गरोदर किंवा गरोदरपणाचं नियोजन असलेल्या बाईने रात्रीचं अॅडॅपलीनही बंद करायचं. तिच्यासाठी अॅझेलेइक अॅसिड हा डॉक्टरांचा नेहमीचा पर्याय आहे.

परिचारिकेने काय विचारावं, काय नोंदवावं

केसपेपरवर ‘मुरूम’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. कधीपासून, कुठे कुठे, दुखतात की खाजतात, याआधी काय लावलं, हे लिहा. मुलींना पाळी नियमित आहे का, हनुवटीवर केस वाढलेत का, हे विचारा. जबड्याच्या रेषेवरचे हट्टी मुरूम, अनियमित पाळी आणि जास्तीचे केस एकत्र असतील तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित करणाऱ्या बीजकोशांच्या विकाराची, तपासणी लागते. चालू औषधं विचारा. क्षयरोगाची आयसोनियाझिड, फिट्सची फेनिटॉइन, लिथियम, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, यांनीही मुरमांसारखं पुरळ येतं. अशा रुग्णाला गोळ्या परस्पर बंद करायला सांगू नका. क्षयरोगाचा उपचार मध्येच तुटणं हे मुरमांपेक्षा कितीतरी घातक आहे.

शिकवल्यावर रुग्णाकडूनच करून घ्या. ‘कळलं?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. ट्यूब हातात द्या आणि ‘दाखव बरं’ म्हणा. मग दिसतं की मुलगा अर्धी ट्यूब तळहातावर काढतो आहे. दुसरा फोन किंवा भेट तिसऱ्या आठवड्यात ठेवा, कारण औषध सुटतं ते तेव्हाच.

पुळी पिळू नका, हे सगळेच सांगतात. पर्याय द्या. दुखऱ्या गाठीवर स्वच्छ कपड्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं धरा. फुटलेली पुळी सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने टिपून घ्या आणि हात धुवा. नखं कापलेली असू द्यात. गाठीत डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी जागा चोळू नये.

आणि मन. मुरमांवरून चिडवणं, ‘लग्नाचं वय आहे, चेहरा बघ’ असले बोल, नातेवाइकांचे फुकट सल्ले, यांनी मुलं आतून खचतात. मी एक प्रश्न नेहमी विचारते: ‘यामुळे कुठे जायचं टाळलंस का?’ चतुर्थीला सगळी भावंडं गावच्या घरी जमलेली आणि ही आजाराचं कारण सांगून पणजीतच राहिली, असं उत्तर आलं तर पुळ्या मोजून ‘सौम्य’ लिहिलेलं असलं तरी तो त्रास सौम्य नाही, आणि हे डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. जगणं नकोसं वाटतं असं कोणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

कुठे जायचं

सौम्य मुरूम असतील तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून गरजेप्रमाणे म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठवतात. सत्तरी-पेडण्याहून बांबोळी गाठायची म्हणजे दिवस मोडतो, म्हणून जुनी चिठ्ठी, ट्यूब, गोळ्यांची पाकिटं आणि फोनमधले फोटो पहिल्याच खेपेला सोबत न्या.

ताप, सांधेदुखी आणि एकाएकी चिघळलेले, रक्ताळलेले मुरूम एकत्र आले तर वाट पाहू नका. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी पिळल्यावर सूज डोळ्याकडे चढली आणि ताप आला, तर तेव्हाही थेट इस्पितळ गाठा.

चेहरा स्वच्छ झाल्यावर

इथेच बहुतेक जण ट्यूब बंद करतात आणि काही महिन्यांत पुन्हा ओपीडीच्या रांगेत दिसतात. गोळ्या बंद झाल्या तरी रात्रीचं अॅडॅपलीन डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवायचं असतं, कारण बूच बसण्याची प्रवृत्ती गेलेली नसते.

उरलेले काळे डाग म्हणजे व्रण नव्हेत. सनस्क्रीन आणि अॅडॅपलीन चालू ठेवलं तर ते काही महिन्यांत फिके होतात. त्यासाठी गोरं करणारं क्रीम घेऊ नका, त्यातूनच पुन्हा स्टेरॉइड घरात येतं. बोटाला लागणारे खड्डे मात्र क्रीमने भरत नाहीत. त्यांच्यावर सुईचे किंवा लेझरचे उपचार असतात, आणि ते नवे मुरूम येणं पूर्ण थांबल्यावरच सुरू करतात. छातीवर किंवा जबड्यावर व्रण फुगून वाढत असेल, तर तो केलॉइड असू शकतो. अशा माणसाने कुठलीही सुई, लेझर किंवा पार्लरमधली प्रक्रिया करण्याआधी तो डॉक्टरांना दाखवावा.